लाकडाचा लेथ : पुढची पायरी कोणती?

सुतारकामाची आवड असणारे आपले अनेक तरुण सुरुवातीला एखादा छोटा लेथ घेतात. लाटणी, रवी, भोवरे असा माल निघू लागतो. काही महिन्यांत वाटू लागते की हे यंत्र आता पुरत नाही, मोठे घ्यावे. त्यासाठी लागणारा पैसा बहुधा कर्जाचा असतो. म्हणून खरेदीपूर्वी आपण स्वतःला विचारले पाहिजे : आपले काम नेमके कुठे अडते आहे?

१) धार : लाकूड कापले न जाता खरवडले जात असेल, तर दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसून बोथट पटाशीचा असतो. साध्या कार्बन पोलादाची पटाशी ग्राइंडरवर तापून निळी पडली की तिचे पाणी उतरते व धार टिकत नाही. हायस्पीड स्टील मात्र सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत कडक राहते. तेव्हा पहिला खर्च ग्राइंडर, ठरावीक कोनात धार लावण्याचा आधार आणि हायस्पीड स्टीलच्या तीन-चार चांगल्या पटाश्या यांवर करावा. उद्या लेथ बदलला तरी ही अवजारे कामाची राहतात.

२) पकड : दोन टोकांमध्ये धरून लाटणे होते, पण वाडगा किंवा डबी आतून कोरायची तर चार जबड्यांचा चक हवा. चक घेण्याआधी स्पिंडलचे आटे मोजावेत. मध्यम आकाराच्या अनेक लेथवर १ इंच व्यास आणि इंचाला ८ आटे असतात, तर मोठ्या यंत्रांवर ३३ मिलिमीटरचा स्पिंडल आढळतो. ज्याची आतली आट्यांची बुशी बदलता येते असा चक घेतल्यास तो पुढच्या यंत्रावरही चालतो.

३) गती : कातकामात एक ढोबळ हिशेब वापरतात. लाकडाचा व्यास (इंचांत) गुणिले मिनिटाचे फेरे हा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान असावा. म्हणजे ८ इंची वाडग्यास ७५० ते १,१२५ फेरे, तर १२ इंची वाडग्यास ५०० ते ७५० फेरे. ओबडधोबड तुकडा याहूनही हळू फिरवावा. आपल्या यंत्राची किमान गतीच याहून जास्त असेल, तर मोठा तुकडा त्यावर चढवू नये. तो निसटून तोंडावर येऊ शकतो. चेहऱ्यावर संरक्षक पडदा हवाच.

४) स्थैर्य : यंत्र थरथरत असेल, तर ते भक्कम बाकाला बोल्टने आवळावे व खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवावीत. इतक्या कमी खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

एवढे करूनही हाती आलेली कामे यंत्रावर मावत नसतील, तर मात्र नवीन लेथ जरूर घ्यावा. तो घेताना ओतीव लोखंडाचा बेड, १२ इंचांपर्यंतचे लाकूड फिरण्याइतकी जागा, निदान १ हॉर्सपॉवरची मोटर आणि कमी-जास्त करता येणारी गती पाहावी. जुना लेथ घेणार असल्यास स्पिंडल हलवून बेअरिंगमधील ढिलेपणा तपासावा आणि दोन्ही बाजूंची टोके समोरासमोर जुळतात का, हे पाहावे.

कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी सर्वांना ठाऊक आहेत. तेथे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढतो. त्यातील बराच माल तळहातावर मावण्याइतका लहान असतो. छोट्या मालाला मोठे यंत्र लागतेच असे नाही, हे यावरून लक्षात यावे.

आता कर्जाविषयी. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार व खेळणी बनविणारे कारागीर येतात. प्राथमिक प्रशिक्षणानंतर १ लाख रुपयांपर्यंतचा पहिला टप्पा ५ टक्के व्याजाने, १८ महिन्यांच्या मुदतीने मिळतो. पूर्ण १ लाख घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ५,७८० रुपये येतो. इतकी रक्कम दरमहा लाकूड, वीज व घरखर्च वजा जाता उरते काय, हे वहीत मांडून पाहावे. उरत नसेल, तर आधी पटाशी आणि चक घ्यावा, त्यावर काम वाढवावे, आणि यंत्राचा हप्ता यंत्रानेच फेडावा अशी वेळ आली की मोठा लेथ घ्यावा. होतकरू तरुणांनी याच क्रमाने जावे, असे आम्हास वाटते.