पाण्याला कशाला बदनाम करता?

केस गळायला लागले की आपण पहिलं खापर फोडतो ते पाण्यावर. पुण्यात बोअरचं, मुंबईत टँकरचं. वरून हेल्मेट, जेल, ऑफिसचं टेन्शन... यादी तयारच! आमच्या सिंदेवाहीत तर सुट्टीला गेल्या गेल्या निदान होतं : 'शहरचं पाणी लागलं पोराले.' हे सांगणारे आमचे मामा जन्मभर गावच्याच विहिरीचं पाणी प्यायले. हेल्मेट नाही, जेल नाही, टेन्शन काय ते धानाच्या भावाचं. आणि डोकं? पस्तिशीतच चकाचक!

तर बॉस, लोचा पाण्यात नाही, हार्मोनमध्ये आहे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं हार्मोन बनतं. ज्यांच्या केसांची मुळं जन्मतःच त्याला हळवी, त्यांचा केस दर वेळी आधीपेक्षा बारीक, आखूड उगवतो आणि शेवटी नुसती लव उरते. आधी कपाळाचे कोपरे, मग माथा. मागचे केस टिकतात, कारण तिथल्या मुळांवर डीएचटीची फारशी मात्रा चालत नाही. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९४२मध्येच दाखवलं होतं, की वयात येण्याआधी अंडग्रंथी गमावलेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागतात. घराणं म्हणजे फक्त मामाकडचं नव्हे हं, बाबांचा कॉलेजातला फोटोही काढून बघा.

मग बुलढाण्याचं काय? २०२५च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत बायका-मुलांसकट लोकांचे केस काही दिवसांत हातात आले. तिथंही पहिला संशय पाण्यावरच! पुढे रुग्णांच्या शरीरात सेलेनियम जास्त सापडलं आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. अनेकांचे केस परतही आले. आपलं प्रकरण वेगळं. ते वर्षानुवर्षं चालतं आणि आपोआप परतत नाही.

म्हणून तेलावर घालवलेले पैसे मला फारसे खुपत नाहीत, वेळ खुपते. नेमकी स्थळं बघायला सुरुवात होते त्याच वयात दोन-दोन वर्षं कांद्याच्या रसात जातात, आणि मेलेलं मूळ मग कशानंच जागं होत नाही. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध. डोक्याला लावायला अमेरिकेत १९८८मध्ये मंजूर झालं. पहिले काही आठवडे केस उलट जास्तच गळतात, घाबरून सोडू नका. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात. फिनास्टेराइडची गोळी डीएचटीच कमी करते. पण काहींना कामेच्छा घटणं, मन उदास होणं असे त्रास होतात, तेव्हा मेडिकलवाल्याला नव्हे, त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. दोन्ही बंद केली की कमावलेलं काही महिन्यांत जातं.

ट्रान्सप्लांट म्हणजे मागचे केस उपटून पुढे लावणं. लावलेले टिकतात, पण औषध नसेल तर आजूबाजूचे जातच राहतात... आणि कपाळावर उरतं नुसतं बेट!