आधी लाकूड ओळखा, मग यंत्र सुरू करा



२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सुचवले आहेत. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन काम शिकावे, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना तशी जुनीच. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला होता. आपल्या भंवरकुआं परिसरात सकाळ-संध्याकाळ कोचिंगला जाणाऱ्या मुलांची रीघ असते. पाठीवर दप्तर आणि हातात मोबाईल, हे चित्र रोजचेच झाले आहे. अशा मुलांच्या हातात चार दिवस रंधा आला तर त्यांचे भलेच होईल, असे आम्हांस वाटते.

प्रश्न असा आहे, की शाळेच्या सुतारकामाच्या कोपऱ्यासाठी विजेची यंत्रे घ्यावीत की हाताची हत्यारे? काही घरांतून गच्चीवर किंवा गॅलरीत असा कोपरा आधीच सुरू झाला आहे आणि मुले व्हिडिओ पाहून यंत्रे चालवू लागली आहेत. म्हणून या विषयाची थोडी उजळणी करू या.

पहिली गोष्ट लाकूड आणि पाणी यांच्या नात्याची. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड तोडल्यावर नळ्यांच्या पोकळीतले पाणी आधी निघून जाते, तेव्हा लाकूड फक्त हलके होते, आकाराने बदलत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली उतरला की नळ्यांच्या भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि इथून लाकूड आक्रसते. पावसाळ्यात उलट घडते. हवेतला ओलावा भिंतींत शिरतो आणि लाकूड फुगते. आपल्या माळव्यात मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते, तर ऑगस्टमध्ये दमट. उघडे लाकूड मे महिन्यात ८ टक्क्यांवर असेल तर ऑगस्टात ते १४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. सागवानाची ३०० मिलिमीटर रुंद फळी असेल तर एवढ्या फरकाने ती सुमारे ३ मिलिमीटर रुंद होते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

आता लक्षात येईल, की पावसाळ्यात घरोघरी दारे का अडकतात. मिस्त्रीला बोलावून जुलैतच दार रंधून घेतले, तर जानेवारीत त्याच दाराच्या फटीतून गार वारा येतो. दार रंधायचे ते हिवाळ्यात, आणि तेही बेताने. बहुतेक दारांच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग लावलेलाच नसतो. ओलावा तिथूनच आत शिरतो. रंधण्याआधी त्या कडा रंगवून पाहाव्यात. काम निम्म्या खर्चात होते.

लाकडातला ओलावा मोजण्याचे गणित सातवीच्या मुलालाही येईल. ओल्या तुकड्याचे वजन ५६० ग्रॅम भरले आणि भट्टीत पूर्ण वाळवल्यावर ५०० ग्रॅम उरले, तर ६० ग्रॅम पाणी गेले. हे पाणी कोरड्या वजनाच्या १२ टक्के झाले. घरी भट्टी नसली तरी दर रविवारी तुकडा तराजूवर ठेवून वजन वहीत लिहावे. तीन-चार आठवडे वजन बदलले नाही, की लाकूड त्या हवेशी जुळले असे समजावे.

दुसरी गोष्ट वाकण्याची. लाकूड सगळ्या दिशांना सारखे आक्रसत नाही. वर्षवलयांच्या कडेने ते जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्यापासून सालीकडे आक्रसते. म्हणून ओंडका सरळ चिरून काढलेली फळी वाळताना पन्हळीसारखी होते आणि तिची सालीकडची बाजू खोलगट होते. फळीच्या टोकावरची वलये पाहिली, की ती कुठे वाकणार ते आधीच सांगता येते. फळ्या रचताना मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात, म्हणजे दोन्ही बाजूंना वारा लागतो. टोकांना रंग फासावा, कारण टोकांकडून पाणी लवकर जाते आणि तिथेच भेगा पडतात. उन्हात मात्र ठेवू नये.

तिसरी गोष्ट किडीची. जमिनीतून मातीच्या नळ्या करत येते ती वाळवी, तिलाच आपण इकडे दीमक म्हणतो. लाकडाला एक-दोन मिलिमीटरची भोके पडून मैद्यासारखी भुकटी गळते, तो मात्र भुंगेऱ्याचा उद्योग. हा भुंगेरा सालीलगतच्या फिकट लाकडातला स्टार्च खातो. सागवान टिकते ही म्हण गाभ्यापुरती खरी आहे. सागाचे फिकट लाकूड इतर लाकडांसारखेच किडते. खरेदी करताना भाव विचारण्याआधी फळीचा रंग पाहावा.

प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. एक थर फुगू पाहतो आणि शेजारचा त्याला धरून ठेवतो, म्हणून प्लाय फार हलत नाही. त्यावर भारतीय मानकाचा शिक्का असतो. ३०३ क्रमांक सर्वसाधारण कामासाठी, तर ७१० क्रमांक पाण्याच्या जागेसाठी. भाड्याच्या खोल्यांतून दिसणारी स्वस्त अभ्यासाची टेबले बहुधा भुशाच्या बोर्डाची असतात. कडेची पट्टी निघाली आणि पाणी लागले, की ती फुगतात. पुन्हा कितीही वाळवली तरी पूर्वीसारखी होत नाहीत.

आता हत्यारांकडे वळू. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, गिरमिट, कानस आणि लाकडी हातोडा, एवढ्यावर घरातले बरेचसे काम भागते. पटाशीला साधारण २५ अंशांचा उतार ठेवून टोकाशी ३० अंशांची धार लावतात. धारदार पटाशीपेक्षा बोथट पटाशी जास्त घात करते, कारण बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि निसटली की तो सगळा जोर हातावर येतो. डावा हात नेहमी धारेच्या मागे ठेवावा. रंधा लाकडाच्या रेषा जिकडे चढत जातात तिकडे मारावा. उलटा मारला की चिरफळ्या उडतात. ही समज हाताला येते. यंत्रावर ती येत नाही, कारण यंत्र उलट्या रेषेवरूनही आवाज करत पुढे निघून जाते.

यंत्रांबद्दल आमची खरी काळजी इथे आहे. चार इंची मार्बल कटरला लाकडाचे दातेरी पाते लावून काम करण्याची पद्धत सर्रास दिसते. असा कटर मिनिटाला सुमारे १२,००० फेरे घेतो. पात्याचा व्यास ११० मिलिमीटर धरला तर त्याच्या दात्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होतो. मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे. लाकूड चिरताना फट मिटली आणि पाते आवळले गेले, की यंत्र उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. माणसाने दचकून हात मागे घेण्याआधीच व्हायचे ते होऊन जाते. त्यात कोणी झाकण काढून ठेवले असेल, तर अडवायला काहीच उरत नाही.

म्हणून घरी यंत्र असेल तर एवढे पाळावे. झाकण काढू नये. चिरायचे लाकूड हाताने न धरता शिकंज्यात आवळावे. फिरत्या यंत्रापाशी हातमोजे, सैल बाही, ओढणी किंवा मोकळे केस नकोत, ते पात्यात ओढले जातात. पाते बदलण्याआधी प्लग काढावा, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. डोळ्यांवर गॉगल आणि नाकातोंडावर चांगला मास्क हवाच. लाकडाची धूळ ही कर्करोगास कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. नाकाच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झालेला आहे.

या सगळ्याचा विचार करून शाळेसाठी आम्ही विश्वस्त मंडळापुढे असे मत मांडत आहोत. पहिली दोन वर्षे हाताची हत्यारे, भक्कम शिकंजे, धार लावण्याचे दगड आणि एक वजनकाटा यांवर खर्च करावा. शिकवण्यासाठी अनुभवी सुतारास मानधन देऊन बोलवावे आणि मुलांनी त्यांना गुरुजी म्हणावे. यंत्रांपैकी हाताचे विजेचे ड्रिल तेवढे घ्यावे, तेही शिक्षक समोर असतानाच वापरावे. चिरण्याचे काम लाकडाच्या वखारीतून करून आणता येते.

यंत्र नसेल तर काम धीमे होईल, हे खरे. पण आपल्या राजवाड्याचे वरचे चार मजले लाकडाचे होते. विजेचा कटर इंदुरात येण्याच्या कितीतरी आधी ते हातांनी उभे केले. १९८४ च्या आगीत राजवाड्याचे मोठे नुकसान झाले आणि पुढे तो पुन्हा बांधावा लागला. तशी लाकूड ओळखणारी माणसे पुढेही लागणार आहेत. आपल्या शाळेतून त्यांतली एक-दोन जरी निघाली, आणि बाकीची दहा बोटे शाबूत ठेवून घरातले दार नीट करायला शिकली, तरी बिनदप्तराचे दहा दिवस सार्थकी लागले असे आम्ही समजू.