उन्हाळ्यात वाय-फाय का अडखळते?

शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तेथील पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. अशा दिवसांत सकाळी सुरळीत चालणारे वाय-फाय दुपारी वारंवार तुटू लागते. मग ‘आणखी एक पेटी घ्या’ असा सल्ला मिळतो. पण पैसे खर्चण्याआधी दोष कोठे आहे, हे शोधायला नको का?

मोठ्या घरात पुष्कळदा ‘मेश’ पद्धत वापरतात. पहिली पेटी इंटरनेटच्या तारेला जोडलेली असते. दुसरी पेटी पहिलीकडून रेडिओलहरींद्वारे संदेश घेते आणि पुढच्या खोल्यांत पोचवते. दोन पेट्यांमधला हा दुवा दुबळा झाला, की पुढचे सारेच अडखळते.

पहिला संशय येतो तो तापलेल्या हवेवर. पण घरातल्या चार-दहा मीटर अंतरात गरम हवा या लहरी जवळजवळ अडवत नाही. उष्णतेमुळे ग्राहकात विद्युत खरखर निर्माण होते, हे मात्र खरे. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तिचा नियम मांडला. ही खरखर निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन आणि ४२ अंश म्हणजे ३१५ केल्विन. वाढ फक्त ५ टक्के! तेवढ्याने वाय-फाय तुटत नाही.

दुसरा संशय पेटीवर. आतील चिप सतत उष्णता निर्माण करते आणि ती हवेत टाकते. त्यासाठी चिप हवेपेक्षा गरम असावी लागते. समजा, हा फरक ४० अंशांचा आहे. हवा २० अंश असताना चिप ६० अंशांवर राहील. पण तापलेल्या पत्र्याखाली हवा ४८ अंश झाली, तर चिप ८८ अंशांवर जाईल. अशा वेळी चिप स्वतःचा वेग कमी करते किंवा पेटी बंद पडून पुन्हा सुरू होते. अनेक घरगुती पेट्या ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेल्या असतात. गरम हवा वर चढते, म्हणून पत्र्यालगतची फळी ही पेटीसाठी सर्वांत वाईट जागा होय.

तिसरा संशयित फक्त उन्हाळ्यातच घरात येतो : कूलर! त्याचा पत्रा लहरी परावर्तित करतो आणि टाकीतले पाणी व भिजलेले गवत त्या शोषून घेतात. कूलर नेमका दोन पेट्यांच्या मध्ये ठेवला, तर दुवा दुबळा होणारच. शिवाय त्याची मोटार सुरू होताना विद्युतदाब क्षणभर घसरू शकतो.

आता परीक्षा कशी घ्यायची? वाय-फाय तुटल्याच्या वेळा वहीत लिहा. कूलर सुरू करताच पेटीचे सर्व दिवे विझून पुन्हा लागले, तर विद्युतदाब तपासून घ्यावा. दिवे चालू आहेत, पण कूलर हलवल्यावर वेग सुधारतो, तर अडथळा त्याचाच. त्रास दुपारीच होऊन रात्री थांबत असेल, तर पेटी खालच्या मोकळ्या जागी ठेवून तिच्यावर टेबलपंखा सोडा. त्रास थांबला, तर दोष उष्णतेचा. मात्र एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळणार नाही. पेटीवर ओले फडके ठेवू नका आणि ती उघडूही नका.

तिसरी पेटी घेतली, तरी पत्र्याखाली तीही तितकीच तापेल. शिवाय एकाच पट्ट्यातून निरोप पुढे पाठवताना प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. म्हणून आधी जमिनीजवळचे आणि पत्र्याजवळचे तापमान मोजा. दोन्ही आकडे घरच्यांना दाखवा आणि मगच खरेदीचे ठरवा.