खाऱ्या विहिरीचें पाणी आणि वर्गांतील पडदा

भातकुलीकडचा विद्यार्थी अमरावतीस महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकावयास येतो, तेव्हां त्याच्या पदरीं त्या शास्त्राचें थोडें ज्ञान आधींच असतें. पण तें आपल्याजवळ आहे हें ना त्याला ठाऊक असतें, ना बहुधा त्याच्या प्राध्यापकांस. गांवांतील कोणत्या विहिरीचें पाणी पिण्याजोगें आहे, कोणत्या विहिरीचें केवळ भांडीं घासण्यापुरतें, कोणत्या पाण्यांत डाळ शिजता शिजत नाहीं, हें त्याला लहानपणापासून अवगत असतें. पुढें तो वर्गांत बसतो आणि द्रावक, द्राव्य व संहती यांच्या व्याख्या फळ्यावरून वहींत उतरवून घेतो. वहींतील व्याख्या आणि घरची विहीर यांचा कांहीं संबंध आहे, हें त्याला कोणी सांगत नाहीं. इंटरनेटवरील साधनांनीं महाविद्यालयीन अध्यापन समृद्ध होतें कीं नाहीं, असा प्रश्न हल्लीं सुशिक्षित घरांतून वारंवार विचारला जातो. त्याचा निकाल, माझ्या मतें, या विहिरीच्या कांठींच लागावयाचा आहे.

हा सारा प्रदेश खारपाणपट्ट्याचा. पूर्णा नदी सातपुड्यांत उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीस मिळते. तिच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील शेंकडों गांवें अशीं आहेत कीं, जेथें जमिनीखालचें पाणी खारट लागतें. तळाशीं काळा बेसाल्ट खडक, त्यावर नदीनें युगानुयुगें आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर, आणि त्या थरांतून मुरलेले क्षार. हें पाणी शेतास दिलें म्हणजे त्यांतील सोडियम चिकणमातीच्या कणांस जाऊन चिकटतो आणि तेथें बसलेल्या कॅल्शियमास हुसकावून लावतो. मग माती ओली झाली कीं फुगते, तिचीं छिद्रें बुजतात, पाणी आंत मुरत नाहीं. वाळली कीं दगडासारखी टणक होते. ज्या पाण्यानें शेत जगवावें तेंच पाणी शेताच्या जिवावर उठतें. म्हणून विहीर असूनही येथील शेतकऱ्यास पावसाकडे डोळे लावून बसावें लागतें, आणि अलीकडे शेततळें खणून त्यांत पावसाचें पाणी धरून ठेवण्याकडे कित्येकांचा कल झाला आहे.

एवढें रसायनशास्त्र ज्याच्या बांधावर घडतें, त्या मुलास तें परक्या वस्तूंच्या उदाहरणांनीं शिकवावें हें चमत्कारिक खरें. परंतु सर्व दोष प्राध्यापकांवर ढकलणेंही अन्यायाचें होईल. कण पाण्यांत विरघळतात, संहती वाढते, एका मर्यादेपलीकडे पदार्थ तळाशीं बसतो, हीं वाक्यें फळ्यावर लिहिणें सोपें. ऐंशीं विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें तें घडवून आणणें कठीण. नेमकें येथेंच नवें साधन उपयोगी पडतें. अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांत कार्ल वायमन या नोबेल पारितोषिकविजेत्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें २००२ सालीं 'फेट' नांवाचा एक उपक्रम आरंभिला. त्यांत विज्ञानाचे व गणिताचे लहान लहान प्रयोग संगणकाच्या पडद्यावर हातानें करून पाहतां येतात. त्यांस मोल पडत नाहीं, आणि त्यांतील कित्येक प्रयोग आज मराठींत उपलब्ध आहेत. द्रावणाच्या प्रयोगांत एक भांडें असतें, वर नळ असतो, पदार्थ शिंपडावयाची डबी असते व संहती मोजणारा मापक असतो. बाष्पीभवनाची पट्टी किंचित् सरकविली कीं भांड्यांतील पाणी हळूहळू उतरतें, मापकावरील आंकडा चढत जातो, आणि अखेरीस तळाशीं पदार्थाचे कण साचूं लागतात.

हें पाहून एखादा विद्यार्थी विचारील, "सर, उन्हाळ्यांत आमच्या विहिरीचें पाणी अधिक खारट लागतें तें यामुळेंच कां?" असा प्रश्न वर्गांत निघाला, तर तो तास सार्थकीं लागला असें मी समजेन. कारण या प्रश्नाचें उत्तर पडद्यावर नाहीं. बाष्पीभवन हा उत्तराचा एक भाग झाला. पावसाळ्यांत वरून मुरणारें गोडें पाणी उन्हाळ्यांत नसतें, हा दुसरा. विहीर किती खोल व कोणत्या थरांत उतरली आहे, हा तिसरा. कोलोरॅडोंतील पंडितास भातकुलीची विहीर ठाऊक असण्याचें कारण नाहीं. ती प्राध्यापकानेंच वर्गांत आणली पाहिजे.

आणि ती आणणें मोठेंसें अवघड नाहीं. प्रत्येक विद्यार्थ्यानें आपापल्या गांवांतील विहिरीच्या वा हातपंपाच्या पाण्याची बाटली आणावी, तिच्यावर गांवाचें नांव व तारीख लिहावी. विद्युद्वाहकता मोजण्याचें लहानसें यंत्र प्रयोगशाळेंत असतें; जितके क्षार अधिक, तितकी वाहकता अधिक. ते आंकडे मग नकाशावर मांडावे. त्यासाठीं भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनें २००९ सालीं सुरू केलेलें 'भुवन' हें संकेतस्थळ आहे. उपग्रहानें टिपलेल्या चित्रांत पूर्णेचीं वळणें, तिला मिळणारे नाले, आपल्या गांवची वस्ती, हें सारें मुलास ओळखूं येतें. रसायन, भूगोल व कृषि हे तीन विषय त्या एका नकाशावर सहज एकत्र येतात.

आपल्या देशांतील या प्रयत्नांचा इतिहासही या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. २००३ सालीं सात आय.आय.टी. व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं मिळून 'एन्‌पीटेल'चा उपक्रम आरंभिला. उत्तमोत्तम प्राध्यापकांचीं व्याख्यानें चित्रित करून सर्वांस खुलीं करावीं, ही त्यामागील कल्पना उदार होती, आणि हजारों विद्यार्थ्यांस तिचा लाभ झाला. परंतु तासाभराचें इंग्रजी व्याख्यान एकट्यानें ऐकून तें पचविणें, हें खेड्यांतून आलेल्या मुलास पेलतेंच असें नाहीं. त्यामानानें मुंबईच्या आय.आय.टी.नें काढलेल्या दुसऱ्या दोन वाटा मला अधिक शहाणपणाच्या वाटतात. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकारानें तेथें अध्यापकांसाठींच कार्यशाळा भरूं लागल्या. व्याख्यान पवईहून थेट प्रक्षेपित व्हावयाचें, दूरदूरच्या महाविद्यालयांत जमलेल्या अध्यापकांनीं तें ऐकून शंका विचारावयाच्या. प्रात्यक्षिक मात्र त्या त्या ठिकाणच्या प्राध्यापकाच्या देखरेखीखालीं करावयाचें, आणि त्या प्राध्यापकास आधीं पवईस बोलावून तयार करावयाचें. दुसरी वाट प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या 'स्पोकन ट्यूटोरियल'ची. संगणकावरील एखादें काम दहाएक मिनिटांच्या पाठांत दाखवावें, आणि निवेदन मराठीसारख्या भारतीय भाषांतून ऐकवावें. पडद्यावरील शब्द इंग्रजी, कानावर पडणारी भाषा आपली. ऐकतां ऐकतां विद्यार्थ्यानें आपल्या संगणकावर तेंच करून पाहावयाचें असतें. ज्याची इंग्रजीमुळें जीभ अडखळते त्याचे हात अडखळत नाहींत, हें या योजकांनीं बरोबर ओळखलें.

९ जुलै २०१७ रोजीं 'स्वयम्' सुरू झालें. त्यावरील अभ्यासक्रमांचें श्रेयांक महाविद्यालयास मान्य करतां येतात. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२१ सालीं ही मर्यादा एका सत्रांतील अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. या ठिकाणीं मात्र मन साशंक होतें. ज्या विषयास महाविद्यालयांत अध्यापकच नाहीं, तो विषय या सोयीनें शिकतां यावा, हें उत्तम. पण सोय आहे म्हणून अध्यापकाची जागा रिकामीच राहूं द्यावी, असा हिशेब एखाद्या व्यवस्थापनानें मांडला, तर त्या चाळीस टक्क्यांत विहिरीचा प्रश्न विचारावयास समोर कोणीच उरणार नाहीं. शहरांतील मुलास शिकवणीचा वर्ग आहे, घरीं शिकलेले आईवडील आहेत. खेड्यांतील मुलास बहुधा तो एक प्राध्यापकच असतो.

२०२० च्या मार्चमध्यें महाविद्यालयें बंद पडलीं तेव्हां या गोष्टीची चुणूक सर्वांनाच मिळाली. जुन्या टिपणवह्या मोबाइलसमोर वाचून दाखविणें म्हणजे ऑनलाइन अध्यापन, अशी समजूत त्या काळांत रूढ झाली, आणि अनेक पालकांचें मन त्या प्रकारास जें विटलें तें अजून सांवरलें नाहीं. त्यांस दोष देतां येत नाहीं. फळ्यावर जें कंटाळवाणें होतें तें मोबाइलवर अधिकच कंटाळवाणें झालें, इतकाच त्याचा अर्थ.

या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं निवृत्त प्राध्यापक वा विज्ञानाच्या पदवीधर भगिनी असतील. त्यांस करण्याजोगें एक काम येथें आहे. 'फेट'च्या प्रयोगांचें भाषांतर स्वयंसेवकांकडून होतें, आणि त्यासाठीं लागणारी सोय त्याच संकेतस्थळावर ठेवलेली आहे. अजून मराठींत न आलेला एखादा प्रयोग निवडावा, परिभाषेसाठीं वाईच्या मराठी विश्वकोशाचा आधार घ्यावा. तोही आतां इंटरनेटवर वाचावयास मिळतो. भाषांतर मात्र वर्गांत बोलली जाईल अशा मराठींत असावें. केवळ कोशांतून उचललेल्या शब्दांनीं मुलगा इंग्रजीइतकाच बुजतो.

वीज व इंटरनेट यांचा भरंवसा नसला तरी अडून राहावयाचें कारण नाहीं. हे प्रयोग एकदां उतरवून घेतले म्हणजे जोडणीवांचून चालतात. अमरावतींत पेनड्राइव्हवर घेऊन ते कोठेंही नेतां येतील. आणि बाटल्यांतील पाण्याची मोजणी एकदां करून भागावयाचें नाहीं. ज्येष्ठांत घेतलेल्या पाण्याचे आंकडे एका रंगानें मांडावे, आणि पाऊस संपल्यावर कार्तिकांत त्याच विहिरींचें पाणी पुन्हा आणवून त्याच नकाशावर दुसऱ्या रंगानें. कोणत्या गांवचे दोन ठिपके एकमेकांपासून फार दूर गेले आणि कोणत्याचे जागचे हललेच नाहींत, याची चर्चा मग त्या गांवच्या मुलांनींच करावी.