हरणासाठी मक्याचा ढीग: चालतो की नाही?

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला परवाना मिळतो, पण आमिष टाकायची मुभा आहे की नाही, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मका टाकून दबा धरणं सर्रास चालतं. मिनेसोटात ते बेकायदा. विस्कॉन्सिनमध्ये प्रश्न जिल्ह्यावर येतो: बंदी नसलेल्या जिल्ह्यात दोन गॅलन, म्हणजे सुमारे साडेसात लिटर मापाचं खाद्य चालतं, रोगी हरीण सापडलं की तिथे बंदी.

हा रोग म्हणजे ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’. मेंदू पोखरणारा आणि हमखास जीव घेणारा. तो प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. लाळ, मूत्र, विष्ठेतून ते पसरतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. एरवी पांगून चरणारी हरणं एकाच ढिगात तोंडं घालू लागली, की लागण सोपी होते. मिशिगनने लोअर पेनिन्सुलात 2019 पासून बंदी घातली, ती याच भीतीने. ढिगाशी आलेलं जनावर टिपण्यात शिकाऱ्याचं कसब ते काय, हा आक्षेपही जुनाच. मला तो पटतो. पण कायदे कडक झाले ते मुख्यतः रोगामुळे.

गंमत म्हणजे शेतात उभ्या पिकाशेजारी दबा धरला, तर बहुतेक ठिकाणी ते आमिष ठरत नाही. तोच मका पोत्यातून ओतला की ठरतो.

भारतात ही चर्चाच उद्भवत नाही. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच आमिष दाखवणं येतं. म्हणजे हरणाला गोळी लागली नाही, तरी त्यासाठी गुन्हा दाखल होऊ शकतो.