खात्याला दुसरी कडी
देहूरोडच्या लष्करी आस्थापनांत जन्म काढलेल्या ज्या निवृत्त मंडळींनी फाटकावर ओळखपत्र दाखविल्यावाचून कधी आत पाऊल टाकले नाही, त्यांनीच आपले ईमेल केवळ एका पासवर्डाच्या हवाली करावे, हे मला चिंताजनक वाटते. कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांस रिझर्व्ह बँकेने २००९ पासूनच दुसरा पडताळा सक्तीचा केला. ईमेल व व्हॉट्सॲप यांची तजवीज मात्र आपली आपणच करावयाची असते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ उघडून सहा अंकी पिन ठेवावा. ईमेलसाठी ऑथेंटिकेटर ॲप घ्यावे, ज्यातील अंक साधारणतः दर ३० सेकंदांनी बदलतात आणि रेंज नसतानाही मिळतात. फोन हाताशी नसेल तेव्हा कामी येणारे ईमेलचे बॅकअप कोड कागदावर उतरवून कपाटात जपावेत. ओटीपी कोणासही सांगू नये, आणि पैशांची फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या सायबर हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवावी.