नेहरू प्लेसमधल्या 1,200 कुंड्या

दिल्लीच्या नेहरू प्लेसला लोक जातात ते लॅपटॉप दुरुस्त करून घ्यायला किंवा स्वस्तात कीबोर्ड मिळवायला. त्याच गजबजाटात पहाडपूर बिझनेस सेंटर ही कार्यालयांची इमारत उभी आहे. आत 50,000 चौरस फूट जागा आणि 2009 मधल्या हिशेबानुसार सुमारे 300 माणसं आणि जवळपास 1,200 झाडं.

हा खटाटोप हे सेंटर चालवणाऱ्या कमल मीटल यांचा. 1992 च्या सुमारास दिल्लीची हवा त्यांना बाधली. फुप्फुसांची क्षमता 70 टक्क्यांवर आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. शहर सोडण्याऐवजी त्यांनी आयआयटी, टेरी ही संशोधन संस्था आणि अमेरिकेची अंतराळ संस्था नासा यांच्या संशोधनाचा आधार घेत तीन झाडं निवडली: एरिका पाम, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट. 2009 मध्ये टेड या व्याख्यानांच्या व्यासपीठावरून त्यांनी हिशेब मांडला. माणशी खांद्याइतके उंच चार एरिका पाम, कमरेइतके सहा-आठ स्नेक प्लांट. शिवाय एक ताकीद: दिल्लीत एरिकाची पानं रोज पुसावी लागतात. झावळीच्या एकेका पातीवरून ओलं फडकं फिरवायचं, तेही शेकडो कुंड्यांमध्ये. हे काम करणाऱ्यांचा पगार कुणी हिशेबात धरत नाही.

इमारतीतल्या लोकांच्या डोळ्यांची जळजळ 52 टक्क्यांनी आणि डोकेदुखी 24 टक्क्यांनी घटल्याचे आकडेही त्यांनी दिले. ऐकणाऱ्यांच्या लक्षात मात्र कुंड्याच राहिल्या. या इमारतीत बाहेरची हवा पाण्याने धुतली जाते, गच्चीवरच्या हरितगृहातून फिरते, गाळण्यांतून जाते आणि मगच आत येते, हा भाग मागे पडला. श्रेय झाडांना मिळालं, मेहनत यंत्रांचीही होती.

नासाच्या 1989 च्या प्रयोगाचंही असंच झालं. बी. सी. वुल्व्हर्टन यांनी छोट्या, हवाबंद पेट्यांमध्ये झाडं ठेवून बेन्झीन, फॉर्माल्डिहाइड आणि ट्रायक्लोरोइथिलीन हे वायू सोडले. वायू घटले, पण त्यात मोठा वाटा पानांपेक्षा मुळांजवळच्या मातीचा आणि तिथल्या सूक्ष्मजीवांचा निघाला. घर काही हवाबंद पेटी नसतं. दारं उघडतात, फटींतून हवा सतत ये-जा करते.

या फरकावर 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्स आणि मायकल वॉरिंग यांनी बोट ठेवलं. बारा अभ्यासांमधले 196 प्रयोग तपासून त्यांनी गणित केलं: घरात आपोआप होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1,000 झाडं हवीत. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत कमीत कमी 110. पलंग बाहेर काढावा लागेल!

आणि हे झालं वायूंचं. दिल्ली, नोएडा, गुरुग्रामचं खरं दुखणं पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण. ते थोडेफार पानांवर बसतात, बाकीचे श्वासातून आत जातात. 18 नोव्हेंबर 2024 रोजी दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक 490 च्या पुढे गेला होता. अशा दिवशी खिडकीतल्या मनी प्लांटकडून काय अपेक्षा ठेवणार?

घरात झाडं जरूर लावा, डोळ्यांना बरं वाटतं. पण दिल्लीत राहणाऱ्या मुलाला किंवा नातवाला काही पाठवायचंच असेल, तर असे बारीक कण अडवणाऱ्या हेपा गाळणीच्या एअर प्युरिफायरसाठी पैसे पाठवा. आणि धुरक्याच्या दिवसांत बंद खोलीत उदबत्ती, मच्छर कॉइल लावू नकोस, असं फोनवर बजावून सांगा.